सोनखोरीचं शून्य

सरिताच्या घरात साखर संपली तर कुणी ‘संपली’ म्हणत नाही. तिचा नवरा संघपाल डबा उघडून स्वयंपाकघरातून सांगतो, "साखर निरंक." अकरावीतली मुलगी मोनाली फोनचा डेटा संपला की तेच म्हणते. पोलिसांच्या आकडेवारी शाखेत अकरा वर्षं बसलेल्या बाईच्या घरात याहून वेगळं काय होणार? त्या शाखेत एखाद्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसलं, की ‘निरंक’ लिहायचं असतं. सरितानं आयुष्यात हा शब्द स्वतःच्या नावाहून जास्त वेळा लिहिला असेल.

ती हवालदार. एकविसाव्या वर्षी भरती झाली, पुढची बारा वर्षं बंदोबस्तात उभी राहिली. एका मिरवणुकीत लोखंडी कठडा गुडघ्यावर आला आणि तिला टेबलाचं काम मिळालं. तेव्हापासून छावणीतल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातून सकाळी साडेनऊला निघायचं, संध्याकाळी सहाला परतायचं, येताना मेथी नाहीतर पालक घ्यायचा आणि उभ्यानं निवडायचा, कारण खाली बसलं की गुडघा उठू देत नाही.

शाखेत प्रत्येकाकडे काही गुन्हे वाटून दिलेले. कुणाकडे घरफोड्या, कुणाकडे अपघात. सरिताकडे दंगा आणि जाळपोळ. महिना संपला की ग्रामीण भागातल्या प्रत्येक ठाण्याला विचारायचं, तुमच्याकडे किती झाले? आलेला आकडा तक्त्यात भरायचा, शेजारी मागच्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा असतोच, आणि पाच तारखेच्या आत सगळं वर पाठवायचं. आकडा आपणहून कळवणारी ठाणी चार-पाच. बाकीच्यांना फोन. कुणी ‘साहेब बाहेर गेलेत’ म्हणतं, कुणी ‘थांबा, बघून सांगतो’ म्हणून फोन तसाच टेबलावर ठेवतं, मग तिला तिथल्या पंख्याची घरघर ऐकू येत राहते.

पूर्वी तक्ता कागदाचा होता. सरिता तो शिसपेन्सिलीनं भरायची. ज्या ठाण्याचा आकडा आला नाही, त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘अप्राप्त’ लिहायची आणि आला की खोडून शाईनं आकडा. मग तक्ता कॉम्प्युटरवर गेला. कॉम्प्युटरला अप्राप्त कळत नाही. रकाना रिकामा ठेवला तर अख्ख्या जिल्ह्याचा तक्ता पुढे सरकत नाही. आकडाच लागतो. म्हणून शाखेत सगळ्यांनी एक पद्धत पाडून घेतली होती. आकडा नाही आला तर तात्पुरतं शून्य टाकायचं, नंतर दुरुस्त करायचं. दहा तारखेपर्यंत दुरुस्ती करता येते. त्यानंतर रकाना राखाडी होतो आणि बोटानं कितीही दाबलं तरी काही होत नाही.

मागच्या वर्षीच्या मार्चचा तक्ता भरताना सोनखोरी ठाण्यानं फोन उचलला नाही. फुलंब्रीच्या पुढचं लहानसं ठाणं. सरितानं पाच तारखेला संध्याकाळी सोनखोरीपुढे जाळपोळीत शून्य टाकलं. बारा तारखेला तिथला लिखाण बघणारा हवालदार रामकिसन याचा फोन आला.

"ताई, आमचा एक होता हो जाळपोळीचा."

"आता सांगताय?"

"यात्रेच्या बंदोबस्ताला होतो. घालता का?"

"बंद झालंय, रामकिसन."

"मग राहू द्या. नाहीतरी साहेब खूश आहेत, बैठकीत कौतुक झालं. निरंकच बरं."

तिनं फोन ठेवला आणि डबा उघडला. त्या दिवशी भेंडी होती. जळलं काय होतं, कुणाचं होतं, हे तिनं विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

या वर्षी मार्चच्या अकरा तारखेला तिच्या नणंदेची शेड जळाली.

नणंद म्हणजे मालनबाई, संघपालची थोरली बहीण. सरिता आणि संघपाल दोघंही तिला अक्का म्हणतात. तिला दिलेलं सोनखोरीलाच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड आणि त्यात शेवयांचं मशीन, हा तिचा संसार. मार्च ते मे आसपासच्या पाच वाड्यांमधल्या बाया डोक्यावर पिठाचे डबे घेऊन यायच्या. शेडमध्ये बांबूच्या काठ्यांवर शेवया लोंबत असायच्या आणि अक्का त्यांच्यामधून वाकून वाकून फिरायची. ती ताठ उभी राहिलेली सरितानं फक्त लग्नाकार्यात पाहिली होती.

रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि त्या जागेकडे लोक वळून बघायला लागले. अक्काचा पुतण्या प्रणय, दिराचा मुलगा, दोनदा येऊन म्हणाला, "काकू, शेड काढा. इथं गाळे काढायचेत." तिसऱ्यांदा हापशावर चार बायांच्या देखत म्हणाला, "तुमच्यानं निघत नसंल तर म्या काढतो." त्यानंतर तीन दिवसांनी, दुपारी चार वाजता, अक्का फुलंब्रीच्या बाजारात असताना शेड पेटली. मशीनचा सांगाडा काळा पडला. काठ्या गेल्या, बायांच्या पिठाचे एकोणीस डबे गेले. प्रणयला शेडच्या मागून बाहेर पडताना पाहणाऱ्या बाया दोन. दोघींच्या घराच्या भिंती त्याच्या घराला लागून.

ठाण्यातून दोघं आले, पंचनामा केला. ‘शॉर्ट सर्किटमुळे’ असं लिहून प्रकरण आकस्मिक जळीत म्हणून नोंदवलं. म्हणजे आग आपोआप लागली. त्यात गुन्हा नाही, आरोपी नाही, आणि सरिताच्या तक्त्यात त्याला जागाही नाही.

अक्का एक गाठोडं घेऊन छावणीत आली आणि बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर बसली. पलंग मोनालीचा होता. मोनालीची पुस्तकं स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर गेली.

"शॉर्ट म्हणं," अक्का म्हणाली. "मशीनची मोटार तर हितं शहरात व्हती, वाइंडिंगला. तूच नेलीस ना रं संघपाल, तुझ्या गाडीतून?"

"व्हय अक्का," संघपाल म्हणाला. तो फुलंब्रीच्या एसटीवर कंडक्टर आहे. मोटार त्यानंच पायाशी ठेवून आणली होती.

"वायर बी काढून गुंडाळून ठिवली व्हती म्या. मग शॉर्ट कशाचं झालं? माझ्या कपाळाचं?"

सरिता पोळ्या लाटत होती. तिला माहीत होतं की अक्काचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. पंचनामा करणाऱ्यांनाही ते माहीत असणार.

"सरिता, तू पोलिसात हायस ना," अक्का म्हणाली. "मला दुसरं काय बी नको. जळालं असं लिहिलंय, तिथं जाळलं असं लिहून दे. तेवढं लिहिलं की त्यो त्या जागंवर वीट ठिवायला भिईल. मी माझी परत जाऊन बसते. तुझ्या पोरीचा पलंग बी मोकळा होईल."

शेवटचं वाक्य टोमणा होता की काळजी, हे ठरवायला सरिताला वेळ मिळाला नाही. पोळी करपली.

शनिवारी दोघी सोनखोरीला गेल्या. सरितानं मुद्दाम गणवेश घातला नाही, पण ठाणेदारांनी तिला ओळखलं आणि चहा मागवला. ते सहा महिन्यांपूर्वीच बदलून आले होते. माणूस आवाज न चढवता बोलणारा होता. त्यामुळेच पुढे सरिताला त्यांच्यावर नीट रागावताही आलं नाही.

"ताई, तुमच्या नणंदेवर माझा अविश्वास नाही," ते म्हणाले. "मोटारीचं मलाही कळलं. पण तुम्ही आकडेवारीतल्या. तुम्हाला मी काय समजावू?" त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "हा तुमच्याच शाखेचा तक्ता ना?"

तिचाच होता.

"मारामारी दोननं वाढली तर कुणी विचारत नाही. जाळपोळ वाढली की रकाना लाल होतो. मग बैठकीत उभं करतात. गावात तणाव आहे का, कुठल्या समाजाचं जळालं, तुम्ही काय झोपला होता का? आधीच या ठाण्यावर लक्ष आहे. मागच्या मार्चला इथं बघा, शून्य. मागच्या वर्षी एक जरी असता ना, तर मी आज डोळे झाकून गुन्हा दाखल केला असता. एकाला एक. कुणाला काही कळलं नसतं."

सरिताच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं पिता पिता खाली ठेवला.

अक्कानं आधी साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय म्हणत्यात?"

"बघू म्हणतायत, अक्का."

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ रामकिसन उभा होता. फोनवर इतकी वर्षं बोललेला माणूस सरिता पहिल्यांदा बघत होती. टक्कल होतं, कपाळावर बुक्का.

"ताई, मागच्या वर्षी एक होता," तो हळूच म्हणाला.

"माहितीय मला."

"फकिराची पंक्चरची टपरी. कोर्टात केस चालू आहे त्याची. मी साहेबांना सांगितलं, आपल्या रजिस्टरला एक आहे म्हणून. म्हणाले, रजिस्टर कोण बघतंय? बैठकीत भिंतीवर तक्ता लावतात."

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसली. फुलंब्री येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब माणूस चांगला हाय. मग अडलंय कुठं?"

सरिता म्हणाली, "नियम असतात अक्का." आणि डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

संघपालनं वरच्या साहेबांच्या नावानं अर्ज केला. तो आठ दिवसांत चौकशीसाठी खाली सोनखोरी ठाण्यातच आला. ओळखीच्या वकिलानं सांगितलं की कोर्टातून आदेश आणता येतो, फक्त बाईंना तारखांना यावं लागेल, आणि पाहिलेल्या दोघींपैकी एकीला तरी. दोघींपैकी एक माहेरी गेली. दुसरी म्हणाली की मला दुपारचं नीट दिसत नाही.

तोवर प्रणयनं जागेवर खडी टाकली होती. गावातल्या कुणीतरी मोनालीच्या फोनवर फोटो पाठवला. तो अक्काला दाखवायचा की नाही यावर मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या, तर अक्का दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला दिसतं दुपारचं. दाखवा."

त्या रात्री जेवणं झाल्यावर सरितानं संघपालला शून्याची गोष्ट सांगितली.

तो बराच वेळ ताटातलं मीठ बोटानं गोळा करत बसला. "म्हणजे तू लिहून द्यायचं म्हणतेस? मागच्या वर्षीचा आकडा तुझ्यामुळं चुकला म्हणून?"

"तिथं एक झाला की साहेब इथं एक घेतील. तेच म्हणाले."

"आणि बढतीची यादी? पुढच्या महिन्यात लागतीय ना? सहायक फौजदार म्हणून रिटायर व्हायचं होतं तुला."

"व्हायचं आहे अजून."

"सगळेच शून्य टाकतात म्हणालीस."

"सगळ्यांच्या नणंदा नाही जळाल्या."

"शेड जळाली," संघपाल म्हणाला. "अक्का आहे अजून." मग दोघंही गप्प झाले, कारण मधल्या पडद्यापलीकडे पलंग करकरला.

सकाळी सरिता चहा ओतत होती, तेव्हा अक्कानं विचारलं, "ते शून्य तू घातलंस?"

"हो."

"त्या पंक्चरवाल्याचं बी जाळलंच व्हतं?"

"जाळलंच होतं."

"आणि तू ते पुसलंस."

"पुसलं नाही अक्का. भरायचं राहिलं."

अक्का बशीत चहा ओतून बराच वेळ फुंकत राहिली. चहा केव्हाच निवला होता. "माझ्या लग्नात तुझा जलम बी नव्हता," ती म्हणाली. "पण संघपालसाठी तुला बघायला मीच आले व्हते. म्हणलं, पोरगी हिशोबी हाय, अक्षर चांगलं हाय." तिनं बशी खाली ठेवली. "चांगलंच हाय."

सरिताला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी तिनं अर्ज लिहिला. स्वतःच्या हातानं, कारण असल्या गोष्टी टाईप केलेल्या बऱ्या दिसत नाहीत. शाखेच्या प्रमुख तनुजा मॅडम वयानं तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"कुणी तक्रार केलीय का?"

"नाही मॅडम."

"ऑडिटला निघालंय?"

"नाही."

"मग कशाला? एक वर्ष झालं, कुणाचं काही अडलेलं नाही."

सरितानं सांगितलं, कुणाचं अडलंय ते. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मी वर पाठवते. पण तुम्ही नात्यातल्या माणसासाठी आकडा बदलायला सांगताय, असं दिसेल. तुम्हाला कळतंय ना?"

तसं दिसेल हे सरिताच्या लक्षातच आलं नव्हतं. एकाचं शून्य करताना तसं काही दिसलं नव्हतं.

उत्तर एकतीस तारखेला आलं. दोन कागद होते. पहिल्यावर लिहिलं होतं की मागील वर्षाची आकडेवारी अंतिम होऊन प्रसिद्ध झाली आहे, सबब त्यात कोणताही बदल करता येणार नाही. दुसरा तिच्या नावाचा होता. चुकीची माहिती भरल्याबद्दल आपल्याविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. सरितानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकानुसार शून्य बरोबर होतं, दुसऱ्यानुसार चूक. दोन्हींवर सही एकच होती.

त्याच संध्याकाळी संघपालनं अक्काची मोटार आणली. वाइंडिंगवाल्याचे तीन फोन येऊन गेले होते, जागा अडते म्हणून. मोटार कुठे ठेवायची यावर घरात पाच मिनिटं चर्चा झाली. बाल्कनी नाही, स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीशेजारी नको. शेवटी ती पलंगाखाली गेली. अक्कानं फडकं ओलं करून ती पुसली, मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसली.

"नव्यावाणी फिरल आता," ती म्हणाली.

एप्रिलच्या दोन तारखेला सरितानं सगळ्या ठाण्यांना फोन लावायला सुरुवात केली. सोनखोरी तिनं शेवटी, पाच तारखेवर ठेवलं. या वेळी पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"बोला ताई," रामकिसन म्हणाला. त्याचा आवाज खाली गेलेला होता.

"दंगा?"

"एक."

"जाळपोळ?"

पलीकडे पंखा घरघरत होता.

"रामकिसन, जाळपोळ?"

"तुम्हाला माहितीय ना ताई."

"माहिती असून चालत नाही. तुम्हाला सांगावं लागतं."

"निरंक," तो म्हणाला.

तिनं शून्य टाकलं. शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षीचं शून्य होतं. दोन्ही हिरवी झाली. खाली एक चौकोन होता, वरील माहिती मी पडताळून पाहिली असून ती बरोबर आहे. त्यावर बरोबरची खूण केल्याशिवाय तक्ता पुढे जात नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "झालं का गं तुझं? माझा घरफोडीचा अडकलाय तुझ्यामुळं." सरितानं खूण केली. तक्ता गेला.

घरी आली तर अक्कानं स्वयंपाक केलेला. मोनालीची पुस्तकं डब्यावरून उतरवून पलंगावर नीट लावलेली होती आणि अक्काचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याखाली, फरशीवर टाकलेलं होतं.

"हे काय अक्का?"

"पोरीची बारावीची परीक्षा हाय पुढच्या साली. दोन-चार दिसाची गोष्ट असती तर पलंगावर निभावलं असतं." अक्का भाकरी उलटत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. "आज तुमचा तक्ता जातो ना? पाच तारीख हाय."

"गेला."

"बरं," अक्का म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "एखादं पोतं हाय का घरात? मोटारीवर टाकावं म्हणते. धूळ लई हाय तुमच्याकडं."

सरितानं पोतं शोधलं. गुडघ्यामुळे तिला पलंगाखाली वाकता येईना, म्हणून ती फरशीवर सरळ आडवी झाली आणि हातानं पोतं आत ढकलत राहिली. मोटारीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. अक्का ओट्यापाशीच उभी होती. तिनं तव्यावर दुसरी भाकरी टाकली.